मालवणचे कुलपती

माझी भाची मागे चार दिवसांसाठी ऑक्सफर्डला गेली होती. तिथून तिने मला फोनवर एक फोटो पाठवला. जिन्यात टांगलेली जुनी, पिवळट तसबीर. दहा-बारा तरणे मुलगे, डोक्यावर टोप्या, ओठांवर मिशा, हातात गोल्फच्या काठ्या. विद्यापीठाचा गोल्फ क्लब हो! ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या मुलांमधला गोल्फचा पहिला सामना १८७८ मध्ये लंडनजवळ विम्बल्डनला झाला होता आणि ऑक्सफर्डच्या मुलांनी समोरच्यांचा पार धुव्वा उडवला होता. फोटोखाली भाचीने एवढंच विचारलं होतं, की मावशी, यात मुली कुठायत?

मुली होत्या, पण तसबिरीबाहेर. त्या सामन्यानंतर वर्षभरातच, १८७९ मध्ये, ऑक्सफर्डला मुलींसाठी दोन कॉलेजं सुरू झाली. मुलींनी तिथे राहावं, शिकावं, परीक्षाही द्यावी, पदवी मात्र मागू नये. हा प्रकार १९२० पर्यंत चालला. केंब्रिजने तर १९४८ पर्यंत ताणलं. म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला तरी तिकडच्या मुली पूर्ण पदवीसाठी ताटकळतच होत्या. मला हे कळलं तेव्हा, खरं सांगते, थोडं बरंच वाटलं. कारण आपल्या मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्येच मुलींना परीक्षा आणि पदवी दोन्ही खुल्या केल्या होत्या.

भाचीला उत्तर लिहिता लिहिता मला आमच्या मालवणचे एक गृहस्थ आठवले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, संस्था आहे. पोथ्या, शिलालेख, संशोधन म्हटलं की त्यांचं नाव निघतंच. पण बायकांच्या विद्यापीठाशी त्यांचं काय नातं, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं? मलाही ते ठाऊक झालं आमच्या काकीमुळे. ते पुढे सांगते.

भांडारकरांचा जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७ चा. मूळ आडनाव पत्की. घराण्यात कुणीतरी सरकारी खजिना, म्हणजे भांडार सांभाळत असे म्हणून भांडारकर झाले. वडील महसूल खात्यात कारकून. कारकुनाचं घर म्हणजे बदलीचं बिऱ्हाड. आज इथे, उद्या तिथे. पण एका बदलीने मुलाचं नशीब उघडलं. वडील रत्नागिरीला गेले आणि तिथे इंग्रजी शाळा होती. मालवणातच राहिले असते तर हा मुलगा वडिलांसारखाच दौत-लेखणी घेऊन कचेरीत बसला असता कदाचित. तिथून १८५३ मध्ये मुंबई, एल्फिन्स्टन संस्था. कोकणातून मुंबईला जायचं तर तेव्हा समुद्राचीच वाट. सोळा वर्षांच्या मुलाला बंदरावर पोचवायला गेलेल्या आईच्या पोटात काय कालवलं असेल, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. आपल्याकडे घरटी एक मुलगा मुंबईला गेलेलाच असतो.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि आपले भांडारकर. पुढच्याच वर्षी भांडारकर एम.ए. झाले. इंग्रजी विद्या एवढी शिकलेला हा माणूस शास्त्रीबुवांपुढे मांडी घालून जुन्या पद्धतीने संस्कृतही शिकला. पुढे सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हायस्कूलचे हेडमास्तर झाले. मुलांना संस्कृत सोपं जावं म्हणून त्यांनी त्याच काळात जी दोन पुस्तकं लिहिली, त्यांवर कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या.

त्यांच्या विद्वत्तेचं सगळं इथे सांगत बसले तर पुरवणी पुरायची नाही. दख्खनचा प्राचीन इतिहास त्यांनी लिहिला तो १८८४ मध्ये. जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, १८८६ मध्ये व्हिएन्नाला जगभरच्या पंडितांच्या परिषदेला ते जाऊन आले. समुद्र ओलांडणं म्हणजे तेव्हा धर्म बुडवणं. ओलांडला त्यांनी. पण एक गोष्ट मला त्यांच्या मानसन्मानांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचं काम हंगामी म्हणून केलं, चांगलं केलं. आणि जागा कायमची भरायची वेळ आली तेव्हा, १८७३ मध्ये, ती एका इंग्रजाला मिळाली, पीटर पीटरसनला. संस्कृत भाषा आपली, शिकवणारा आपला आणि खुर्ची साहेबाची! पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापकपद मिळायला १८८२ उजाडलं. लायकी असून दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता बघा, ते डेक्कन कॉलेजात शिकवत होते त्याच वर्षांत तिथे एक मुलगी शिकत होती. कॉर्नेलिया सोराबजी, नाशिकला जन्मलेली. सगळ्या कॉलेजात ही एकटी. वर्गात येऊ नये म्हणून मुलं आतून दार लावून घ्यायची. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ती, तीही पहिल्या वर्गात. तेवढ्या मार्कांवर मुलाला विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली असती, तिला बाई म्हणून मिळाली नाही. तरी लोकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये ती कुठे गेली असेल? ऑक्सफर्डला! तिथे १८९२ मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी. भाचीने पाठवलेल्या त्या मिशीवाल्या मुलांना एवढी वाट बघावी लागली नसेल.

म्हणजे दार उघडं करणं वेगळं आणि आत पाऊल टाकता येणं वेगळं. विद्यापीठाने १८८३ मध्ये परवानगी दिली, पण कॉलेजात जायला आधी मॅट्रिक व्हायला हवं. मॅट्रिकला मुलींचं हायस्कूल हवं. हायस्कुलात जायला वय चौदा-पंधरा होईपर्यंत मुलगी माहेरी हवी. आणि मुली तर आठव्या-नवव्या वर्षी सासरी! रानडे, भांडारकर, मोडक ही मंडळी गाठी सोडवत होती त्या अशा एकात एक अडकलेल्या. १८८४ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं, तीच आपली हुजूरपागा. केवढा गदारोळ झाला त्यावर! मुली इंग्रजी शिकल्या तर घरं मोडतील, असं चांगली शिकलेली माणसंही म्हणत होती.

मग आलं संमतिवयाचं बिल. नवऱ्याने बायकोशी शरीरसंबंध ठेवण्यासाठी तिचं किमान वय दहा होतं, ते बारा करायचं, एवढीच मागणी. दहाचं बारा! आज वाचताना अंगावर काटा येतो. त्यावर धर्म बुडाला म्हणून हाकाटी झाली, आणि विरोधात टिळकांसारखा माणूस उभा होता. भांडारकरांनी काय केलं, तर धर्मग्रंथच उघडले. कुठल्या ग्रंथात लग्नाच्या आणि गर्भाधानाच्या वयाबद्दल काय म्हटलंय ते एकेक काढून दाखवलं आणि हा कायदा शास्त्राविरुद्ध नाही असं मांडलं. संस्कृत येतं म्हणून धाक घालणारे पुष्कळ होते. त्याच संस्कृताने मुलींच्या बाजूने भांडणारे मोजकेच. १८९१ मध्ये कायदा झाला.

आणि त्याच वर्षी त्यांच्यावर घरात वेळ आली. त्यांची एक मुलगी तरुणपणीच विधवा झाली होती. सभेत विधवाविवाहावर बोलणारे आणि घरी आपल्या मुलीला आलवणात बसवणारे सुधारक तेव्हा कमी नव्हते. स्वतः रानड्यांनी पहिली बायको गेल्यावर विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या मुलीशी केलं, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या मुलीचं दुसरं लग्न लावून दिलं. स्वकीयांचा रोष ओढवून घेतला, बोलणी खाल्ली. आपल्या समाजात नातेवाइकांनी पान वाढायचं बंद केलं की घरातल्या बाईचा जीव कसा कोंडतो ते मी पाहिलंय. त्यामुळे मला तरी वाटतं, ऑक्सफर्ड-व्हिएन्नाच्या पंडितांना उत्तर देणं सोपं, घरच्या पंगतीला उत्तर देणं कठीण.

१८९३ मध्ये ते निवृत्त झाले आणि न्यायमूर्ती तेलंगांपाठोपाठ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या चार बी.ए.तले आपण एक, त्याच विद्यापीठाचे कुलगुरू! कारकुनाच्या मुलासाठी याहून मोठं काय? दुसरा कुणी असता तर इथे गोष्ट संपली असती.

पण त्यांची पुढची तीस वर्षं बाकी होती. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, त्या मंडळीचे अध्यक्ष झाले भांडारकर. कर्वे स्वतः विधवेशी लग्न केलेले, लोकांनी टाकलेले. अशा संस्थेच्या पत्रावर पहिल्यांदा भांडारकरांचं नाव दिसलं की दारात आलेल्या माणसाला लोक निदान बसा तरी म्हणत असणार. पुढे आश्रम हिंगण्याला गेला, वाढला. १९१५ मध्ये कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला, की असं आपल्याकडे का नको? त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी बेत जाहीर केला. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी आहेच पण एक विषय म्हणून, शिवाय घराला आणि आरोग्याला उपयोगी पडणारे विषय.

लोक हसले. सरकारची मान्यता नाही, पैसा नाही, इमारत नाही. खुद्द सुधारकांतही कुरकुर होती, की मुलींना वेगळं आणि हलकं शिक्षण देऊन बसवणार का? हा आक्षेप खोटा नव्हता, असं मलाही वाटतं. पण ज्या मुलीला आठवड्यातून दोन तास पुस्तक उघडायला मिळणार, तिला मुंबईच्या कॉलेजची दारं सताड उघडी असून उपयोग काय होता?

१९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ हिंगण्याला सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनी पाच. हो, पाच. आणि या पाच मुलींच्या विद्यापीठाचे पहिले कुलपती व्हायला कोण तयार झालं? मुंबईच्या सरकारी विद्यापीठाचे माजी कुलगुरू, सर ही पदवी मिळालेले, एकोणऐंशी वर्षांचे भांडारकर. कुलगुरू झाले रँग्लर परांजपे. म्हणजे कर्वे मुरूडचे, परांजपे जवळच्याच मुर्डीचे, भांडारकर मालवणचे. तिघेही कोकणचे! नारळाच्या झाडांखाली वाढलेल्या माणसांना झाड लावून वाट बघायची सवय असते, असं आमची काकी म्हणायची.

आता काकीचं सांगते. लग्न होऊन मालवणला आली तेव्हा तिचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. तीन मुलं, सासूबाईंचं सोवळं, दारात आंब्या-काजूची कामं. ती घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षांना बसली, ती याच विद्यापीठाच्या. एव्हाना ते एस.एन.डी.टी. झालं होतं. १९२० मध्ये ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं, नाथीबाई दामोदर ठाकरसी. मान्यतेसाठी मात्र स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबावं लागलं. काकी दरवर्षी परीक्षेला एस.टी.ने मुंबईला जायची, गिरगावात बहिणीकडे उतरायची, पेपर देऊन परत यायची. येताना सासूबाईंसाठी तपकीर आणायची न चुकता. ती लाच होती, असं नंतर हसून सांगायची. बी.ए. झाली तेव्हा तिचा थोरला मुलगा दहावीला होता. तिच्या पुस्तकांत विद्यापीठाच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका होती, त्यात मी पहिल्यांदा वाचलं, की पहिले कुलपती आमच्या गावचे. काकीला ते आधीपासून माहीत होतं. घरात कुणी टोमणा मारला, की ती हे नाव पुढे करायची. ते चालायचंही.

भांडारकरांनी आपली पुस्तकं, हस्तलिखितं त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ ला, पुण्यात सुरू झालेल्या संशोधन संस्थेला दिली. तीच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. २४ ऑगस्ट १९२५ ला ते गेले. त्या दिवशी ऋषिपंचमी होती.

आमच्याकडे ऋषिपंचमीला अजूनही बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातली ऋषीची भाजी करतात. अळू, सुरण, लाल माठ, भेंडी, मक्याचं कणीस. काकी भाजी चिरायला बसली की सुनांना, नातींना आणि आम्हा पुतण्यांना जवळ घेऊन या पाच मुलींची गोष्ट सांगायची, आणि सुरणाने हात खाजले की चिंच लावायला सांगायची. भाचीला मी हे सगळं लिहून पाठवलं. तिने काकीच्या पदवीदान समारंभाचा फोटो मागितलाय. तो काकीच्या ट्रंकेत आहे, पुढच्या महिन्यात गावी गेले की काढते.