रमाबाईंच्या कष्टांचा हिशेब

सन १९१३ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले, हे आम्हां बडोदेकरांना ठाऊक आहे. त्या रकमेचा हिशेब दप्तरात राहिला. मुंबईच्या चाळीत मागे राहिलेल्या रमाबाईंच्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवला?

रमाबाईंचा जन्म १८९८ सालचा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि लहानपणीच लग्न झाले. पती परदेशी निघाले तेव्हा यशवंत वर्षाचाही नव्हता. त्याला सांभाळणे, घर चालवणे, पैशाची ओढाताण सोसणे हे सारे रमाबाईंच्या वाट्याला आले. शेणाच्या पाट्याही त्यांनी डोक्यावरून वाहिल्या. पाच मुलांपैकी चार डोळ्यांदेखत गेली. यशवंत तेवढा वाचला.

१९२८ साली बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये पत्नीचे हे ऋण जाहीरपणे मान्य केले, आपण तिला दिवसाचा अर्धा तासही देऊ शकत नाही, हेही लिहिले. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याला पाठिंबा दिला. आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने सरकारनेही खर्चाचा वाटा उचलावा, अशी त्यांची भूमिका होती.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाबाई गेल्या. पुढे पाकिस्तानवरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

आपल्या घराण्यांच्या वंशावळीत सनदा, हुद्दे, नेमणुका आहेत. मुले कोणी वाढवली, त्या आई-आजी-आत्यांची नावेही आता तिथे लिहूया.