टकरींचे गणित मांडणारा लुडविग बोल्ट्झमन

इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम होतो. संगमानंतर कोणते पाणी कोणत्या नदीचे, हे सांगता येत नाही. एकदा मिसळलेले आपोआप वेगळे का होत नाही, हा प्रश्न वरवर साधा आहे. त्याचे गणिती उत्तर शोधण्यात ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी आपले आयुष्य वेचले.

बोल्ट्झमन यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील करखात्यात अधिकारी होते. लुडविग पंधरा वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. व्हिएन्ना विद्यापीठात योसेफ श्टेफान यांच्या मार्गदर्शनाखाली १८६६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी, ते ग्रात्स विद्यापीठात प्राध्यापक झाले.

वायू म्हणजे सतत धावणाऱ्या आणि एकमेकांवर आदळणाऱ्या असंख्य रेणूंचा समुदाय, ही त्यांची भूमिका होती. प्रत्येक रेणूचा माग काढणे अशक्य. म्हणून कोणत्या वेगाचे किती रेणू आहेत आणि टकरींमुळे हे प्रमाण कसे बदलते, याचे समीकरण त्यांनी १८७२ मध्ये मांडले. कोणत्याही अवस्थेतून निघालेला वायू अखेर समतोलाकडेच जातो, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्यावर त्यांचे ज्येष्ठ सहकारी योसेफ लोश्मिट यांनी १८७६ मध्ये मर्मावर बोट ठेवले. सर्व रेणूंचे वेग एकाच क्षणी उलट केले, तर वायू मूळ अवस्थेत परतायला हवा. मग ही एकदिशा वाटचाल आली कोठून? बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये उत्तर दिले. परतणे अशक्य नाही, पण त्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. कारण विस्कळीत मांडणीचे प्रकार नीटस मांडणीपेक्षा कल्पनातीत अधिक असतात. निसर्गनियमात संभाव्यतेला असे स्थान मिळाले.

मात्र, अणूंचे अस्तित्वच त्या काळी सर्वमान्य नव्हते. एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांसारख्या दिग्गजांना अणू ही केवळ सोयीची कल्पना वाटे. १८९५ मध्ये ल्युबेक येथे ओस्टवाल्ड यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. ग्रात्स, म्युनिक, व्हिएन्ना, लाइपझिग आणि पुन्हा व्हिएन्ना अशी विद्यापीठे ते बदलत राहिले. थोरल्या मुलाचा अकाली मृत्यू, दमा, अधू होत गेलेली दृष्टी आणि नैराश्याचे झटके यांनी ते खचत गेले. ५ सप्टेंबर १९०६ रोजी त्रिएस्तेजवळील दुइनो येथे, कुटुंबासह सुटीवर असताना, त्यांनी आपले जीवन संपवले.

त्याच्या आदल्याच वर्षी आइन्स्टाइन यांनी द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या हालचालीचा अणुसिद्धान्ताच्या आधारे उलगडा केला होता. १९०८ पासून फ्रान्समध्ये झां पेरँ यांच्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे ओस्टवाल्ड यांनीही अणूंचे अस्तित्व मान्य केले. ते पाहायला बोल्ट्झमन नव्हते.

त्यांचे समीकरण मात्र सोडवायला महाकठीण होते. १९५४ मध्ये कोटा येथे जन्मलेले भारतीय गणितज्ञ प्रभुलाल भटनागर यांनी ग्रॉस आणि क्रूक यांच्यासह त्यातील टकरींच्या पदाला सोपा पर्याय सुचवला. आजही प्रवाहांच्या अनेक संगणकीय प्रारूपांचा तो पाया आहे. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम बर्ड यांनी निराळी वाट काढली. संगणकातील एक कण असंख्य खऱ्या रेणूंचे प्रतिनिधित्व करतो आणि कोणत्या कणांची टक्कर व्हावी, हे संभाव्यतेनुसार ठरते. वातावरणाच्या विरळ थरांतून परतणाऱ्या अवकाशयानावर किती उष्णता आदळेल, याचा अंदाज अशा सॉफ्टवेअरमधून घेतला जातो.

व्हिएन्नातील मध्यवर्ती दफनभूमीत बोल्ट्झमन यांची समाधी आहे. त्यांच्या अर्धपुतळ्याच्या वर एंट्रॉपी आणि संभाव्यता यांचे नाते सांगणारे त्यांचे सूत्र कोरलेले आहे.