लुईस लॅटिमर : दिव्यातल्या तंतूचा कारागीर

वाचण्यापूर्वी : कापसाचं सूत, कोळ्याचं जाळं, आपले केस, सतारीची तार. धाग्यासारख्या बारीक अशा आणखी किती गोष्टी तुम्हाला आठवतात? वर्गात यादी करा आणि मग पाठ वाचा.

१. बल्बच्या पोटात काय असतं?

जुन्या पद्धतीचा विजेचा बल्ब तुम्ही पाहिला असेल. काचेच्या आत एक अगदी बारीक तंतू असतो. त्याला फिलामेंट म्हणतात. तंतू बारीक असल्यामुळे विजेला त्यातून सहज जाता येत नाही. त्यामुळे तो खूप तापतो आणि झगझगीत उजेड देतो. उघड्या हवेत तापवला, तर तो लगेच जळून जाईल. म्हणून पहिल्या बल्बांमधली हवा काढून टाकत असत.

बल्ब म्हटलं की सगळ्यांना थॉमस एडिसन आठवतात. पण बल्ब एकट्या माणसाने बनवला नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान, अमेरिकेत एडिसन आणि हायरम मॅक्सिम असे अनेक जण त्यासाठी धडपडत होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याचं नाव लुईस हॉवर्ड लॅटिमर.

२. पळून आलेले आईवडील

लुईसचे वडील जॉर्ज आणि आई रिबेका व्हर्जिनिया राज्यात गुलाम होते. गुलाम म्हणजे मालकाच्या मालकीची माणसं. मालक त्यांना विकू शकत असे, मारू शकत असे. १८४२ साली दोघं तिथून पळाले. जॉर्ज रंगाने उजळ होते. प्रवासात ते मालक बनले आणि रिबेका त्यांची दासी बनली. असं सोंग घेऊन ते बोस्टनला पोचले.

पण बोस्टनमध्ये जॉर्जना कोणीतरी ओळखलं आणि त्यांना अटक झाली. मालक त्यांना परत न्यायला आला. शहरात मोठी खळबळ उडाली. गुलामगिरीच्या विरोधात असलेल्या लोकांनी सभा घेतल्या. शेवटी ४०० डॉलर देऊन जॉर्जना सोडवण्यात आलं. लोक एवढ्यावर थांबले नाहीत. ६० हजारांहून जास्त लोकांनी सह्या केलेला अर्ज राज्याच्या विधिमंडळात गेला. १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला, की पळून आलेल्या गुलामांना पकडायला इथले अधिकारी मदत करणार नाहीत.

४ सप्टेंबर १८४८ ला, बोस्टनजवळच्या चेल्सी गावात लुईसचा जन्म झाला. घरात पैसा नव्हता. लुईस लहानपणापासून वडिलांना कामात मदत करायचा. तो दहाएक वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. घर विस्कटलं, भावंडं पांगली आणि लुईसची शाळाही अर्धवट राहिली.

३. बघून बघून शिकलेली विद्या

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. गुलामगिरी राहणार की जाणार, याचा निकाल या युद्धाने लागायचा होता. १८६४ मध्ये, सोळा वर्षांचा झाल्यावर लुईस नौदलात भरती झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि त्याच वर्षी गुलामगिरी कायद्याने बंद झाली.

या लढ्याची बातमी पुण्यापर्यंत पोचली होती. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ नावाचं पुस्तक लिहिलं. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. लुईसच्या वडिलांसाठी सह्या करणारे लोक यांच्यातलेच होते.

नौदलातून परतल्यावर लुईसला बोस्टनमध्ये पेटंटचं काम करणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात पोऱ्याची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला ३ डॉलर. पेटंट म्हणजे नव्या शोधावर सरकारने दिलेला हक्क. पेटंटच्या अर्जाबरोबर यंत्राची अचूक चित्रं जोडावी लागतात. एक रेघ चुकली, तरी पुढे कोर्टात भांडण होऊ शकतं.

ऑफिसमधले आराखडे काढणारे लोक पट्टी, कंपास कसे धरतात, हे लुईस निरखून बघायचा. त्याने जुनी, वापरलेली हत्यारं विकत घेतली आणि रोज रात्री घरी सराव केला. मग एके दिवशी त्याने एक चित्र काढू देण्याची विनंती केली. सगळे हसले, पण चित्र बघून गप्प झाले. काही वर्षांतच तो त्या ऑफिसचा मुख्य आराखडाकार झाला. १८७३ मध्ये मेरी विल्सन यांच्याशी त्याचं लग्न झालं.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनच्या पेटंटसाठी घाईने अर्ज करायचा होता. त्या अर्जाच्या चित्रांच्या कामात लॅटिमर यांचा हात होता.

४. वेडावाकडा होणारा तंतू

एडिसन यांनी १८७९ मध्ये कापसाच्या धाग्याचा कोळसा करून बल्ब पेटवला. तो काही तासच टिकला. मग त्यांनी पुठ्ठा वापरून पाहिला, आणि पुढे बांबूचा तंतू. १८८० मध्ये लॅटिमर एडिसन यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे, म्हणजे हायरम मॅक्सिम यांच्या कंपनीत कामाला लागले. सगळ्यांपुढे प्रश्न एकच होता : चांगला तंतू बनवायचा कसा?

कागदाची किंवा लाकडाच्या धाग्यांची बारीक पट्टी हवा न लागू देता खूप तापवली, की तिचा कोळसा होतो, म्हणजे कार्बन उरतो. पण तापताना ती आकसते. पापड विस्तवावर धरला की कसा वाकडातिकडा होतो, ते तुम्ही पाहिलं असेलच. तंतूचंही तसंच व्हायचं. तो पिळवटायचा आणि पुष्कळदा मोडायचा. मोडलेला तंतू फुकट गेला, की बल्ब महाग पडायचे.

लॅटिमर यांनी एक साधी युक्ती काढली. त्यांनी प्रत्येक पट्टी पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवून तापवली. पाकीटही तंतूइतकंच आकसत असे. त्यामुळे तंतूवर ताण येत नसे आणि तो आपला आकार सोडत नसे. १७ जानेवारी १८८२ ला या पद्धतीचं पेटंट त्यांना मिळालं. त्याआधी १८८१ मध्ये, तंतू धातूच्या तारांना पक्का जोडण्याच्या रीतीचं पेटंट त्यांनी जोसेफ निकोल्स यांच्याबरोबर घेतलं होतं.

बल्बचा शोध लॅटिमर यांनी लावला, असं कधी कधी सांगितलं जातं. ते बरोबर नाही. पण तंतू न मोडता बनवण्याचं अवघड काम त्यांनी सोपं केलं, हे मात्र खरं आहे.

कंपनीने दिवे बसवायला त्यांना न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, लंडन आणि माँट्रियल इथे पाठवलं. माँट्रियलच्या मजुरांना फ्रेंच समजायचं, इंग्रजी नाही. मग लॅटिमर फ्रेंच शिकले आणि त्यांच्याच भाषेत त्यांना काम समजावून सांगू लागले.

५. एडिसन यांच्याकडे

१८८४ मध्ये लॅटिमर एडिसन यांच्या कंपनीत आले. तंतूच्या पेटंटवरून तेव्हा मोठे खटले चालू होते. पेटंटची चित्रं आणि दिव्याचं काम, दोन्हींतलं बारीकसारीक कळणारा माणूस कंपनीला हवा होता. लॅटिमर कायदा विभागात काम करू लागले आणि तज्ज्ञ साक्षीदार म्हणून कोर्टात उभे राहिले. सगळ्यांत मोठा खटला तर त्यांच्या जुन्या कंपनीविरुद्धच होता! १८९२ मध्ये त्याचा निकाल एडिसन यांच्या बाजूने लागला. त्याआधी, १८९० मध्ये, विजेच्या दिव्यांची माहिती देणारं लॅटिमर यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं होतं.

१९१८ मध्ये एडिसन यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी एक मंडळ काढलं. त्याच्या पहिल्या २८ सभासदांमध्ये लॅटिमर हे एकच कृष्णवर्णीय होते.

ते चित्रं काढायचे, कविता लिहायचे, बासरी वाजवायचे. न्यूयॉर्कमध्ये नव्याने आलेल्या परदेशी लोकांना ते इंग्रजी आणि आराखडे काढायला शिकवायचे. ज्याची स्वतःची शाळा अर्धवट राहिली, तो माणूस असा शिक्षक झाला.

फ्लशिंग म्हटलं, की आपल्यापैकी अनेकांना तिथलं गणपतीचं देऊळ आठवतं. त्याच फ्लशिंगमध्ये लॅटिमर यांचं घर होतं. तिथेच ११ डिसेंबर १९२८ ला ते वारले. पुढे ते घर पाडायची वेळ आली, तेव्हा लोकांनी १९८८ मध्ये ते उचलून दुसऱ्या जागी नेलं. आज तिथे त्यांचं संग्रहालय आहे. देवळात गेलात, तर तिकडेही जाऊन या.

शब्दार्थ
तंतू – खूप बारीक धागा
सोंग – आपण जे नाही ते असल्याचं दाखवणं
यादवी युद्ध – एकाच देशातल्या लोकांचं आपसातलं युद्ध
पोऱ्या – लहानसहान कामं करणारा मुलगा
आकसणे – लहान होणे, आत ओढले जाणे

प्रश्न
१. पहिल्या बल्बांमधली हवा का काढून टाकत?
२. जॉर्ज यांच्या अटकेनंतर बोस्टनमधल्या लोकांनी काय काय केलं?
३. पुठ्ठ्याच्या पाकिटाने तंतू कसा वाचला, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुम्ही कोणती गोष्ट नुसती बघून बघून शिकलात? पाच वाक्यं लिहा.