थिओडोर बिलरोथ

थिओडोर बिलरोथ (२६ एप्रिल १८२९ – ६ फेब्रुवारी १८९४) हे प्रशियात जन्मलेले व व्हिएन्नात कीर्ती पावलेले शल्यचिकित्सक होते. जठरावरील शस्त्रक्रियेमुळे ते जगभर ओळखले जातात. लाळग्रंथींच्या एका दुर्मीळ अर्बुदाचा त्यांनी तरुणपणी केलेला अभ्यास मात्र त्या मानाने अपरिचित राहिला.

बिलरोथ यांचा जन्म र्‍युगेन बेटावरील बेर्गन येथे धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ओढा संगीताकडे असूनही ते वैद्यकाकडे वळले. १८५२ साली बर्लिन येथे पदवी मिळवून ते लांगेनबेक यांचे साहाय्यक झाले.

सूक्ष्मदर्शकाखाली काही गाठींमध्ये त्यांना पेशींच्या पुंजक्यांतून काचेसारखे पारदर्शक दंडगोल दिसले. त्यावरून १८५६ साली त्यांनी अशा अर्बुदाला ‘सिलिंड्रोमा’ हे नाव दिले आणि १८५९ साली लाळग्रंथींच्या अर्बुदांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. हे नाव केवळ रूपावरून पडलेले असल्याने रोगाचा स्वभाव त्यातून कळत नाही. ही गाठ संथपणे वाढते, पण चेतातंतूंच्या कडेने दूरवर शिरते. काढून टाकल्यावर ती अनेक वर्षांनी पुन्हा उद्भवते, कधी फुप्फुसातही. त्यामुळे विसाव्या शतकात तिला ‘अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ हे कर्करोगदर्शक नाव मिळाले. जुने नाव आज त्वचेच्या एका सौम्य गाठीसाठी वापरले जाते, त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना घोटाळा होऊ शकतो. सध्या गाठीच्या ऊतीची तपासणी करून निदान होते. उपचारात मुख्यतः शस्त्रक्रिया व तिच्यामागोमाग किरणोपचार दिले जातात, आणि रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.

१८६० ते १८६७ या काळात बिलरोथ झुरिक येथे प्राध्यापक होते. तेथील रुग्णांचा अहवाल त्यांनी मृत्यू व अपयश न लपवता छापला. त्या काळी हे धाडसच होते. १८६७ पासून ते व्हिएन्नात होते. २९ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला. ती रुग्ण त्यातून उठली, परंतु सुमारे चार महिन्यांनी कर्करोगानेच दगावली.

संगीतकार ब्राम्स हे त्यांचे निकटचे मित्र. आपल्या दोन तंतुवाद्य-चतुष्टकांची अर्पणपत्रिका ब्राम्स यांनी त्यांच्या नावे केली. १८७६ च्या वैद्यकशिक्षणविषयक ग्रंथातील बिलरोथ यांची ज्यू विद्यार्थ्यांविषयीची विधाने मात्र निंद्य होती. पुढे ते ज्यूद्वेषविरोधी संघटनेत सामील झाले.

त्यांचे निधन ओपातिया (आजचे क्रोएशिया) येथे झाले. त्यांची समाधी व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत आहे.