मधल्या दिवसांचं घर

पहिली नोकरी लागली तेव्हा मी कोराडीच्या कॉलनीतून थेट पुण्याला, सिस्टर्स चालवत असलेल्या एका हॉस्टेलवर राहायला गेले. तिथल्या जेवणाच्या खोलीत एका ननची तसबीर होती. ती कोणाची हे विचारायला मला सहा महिने लागले. घरकाम करणाऱ्या मुलींसाठी आयुष्य घालवलेली बाई, असं वॉर्डन सिस्टरांनी सांगितलं. आम्ही सगळ्या कॉम्प्युटरवाल्या, नाहीतर बँकेतल्या. आमच्या जेवणाच्या खोलीत तिचं काय काम, हे काही मला कळलं नव्हतं. या स्मरणिकेसाठी मनात राहिलेल्या एखाद्या व्यक्तीवर लिहा म्हटल्यावर तीच तसबीर आठवली.

विसेंता मारिया लोपेझ इ विकुन्या यांचा जन्म 22 मार्च 1847 चा, उत्तर स्पेनमधल्या नवारा प्रांतातल्या कास्कान्ते गावचा. (आपल्याकडे भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ती पुढच्याच वर्षी.) वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. शिकायला म्हणून लहानपणीच तिला माद्रिदला मावशी आणि मामांकडे पाठवलं.

या युलालिया मावशीपासून खरी गोष्ट सुरू होते. त्या रुग्णालयात गरीब बायकांची विचारपूस करायला जात. तिथे त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातून आलेल्या मोलकरीण मुलींचं दुखणं बरं झालं तरी त्यांची अडचण सुटत नाही. अशा मुली मालकाच्या घरीच राहायच्या, तिथेच जेवायच्या, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नाहीतर माळ्यावर झोपायच्या. आजारी पडल्या की काम सुटायचं, आणि कामासोबत छप्परही जायचं. रुग्णालयातून बाहेर पडलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी, ओळखीचं कोणी नाही, गावी जायला पैसे नाहीत. अशा मुलीला हेरणारे लोक कोणत्याही शहरात असतात. मावशी आणि मामांनी 1853 मध्ये भाड्याने जागा घेऊन अशा मोजक्या मुलींना आसरा दिला.

इथे आपल्या कॉलनीची आठवण येते. आमच्या क्वार्टरवर भांडी-धुणं करणाऱ्या मावशी एकदा महिनाभर आजारी होत्या. आईने दुसरी बाई लावली. त्या बऱ्या होऊन दारात आल्या तेव्हा आईने चहा दिला, दहा-वीस रुपये दिले आणि आता लागत नाही म्हणून सांगितलं. आम्ही काही वाईट माणसं नव्हतो. सगळ्याच घरी असंच चालायचं.

विसेंता या आसऱ्यातच मोठी झाली. मुलींना वाचायला शिकवणं, धर्माचे पाठ देणं, त्यांचे कपडे शिवणं, हे तिचं रोजचं काम. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे 1866 मध्ये, तिने आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. घरी हे पचणं कठीणच होतं. वडिलांच्या मनात लग्न होतं, आणि संन्यासच घ्यायचा तर एखाद्या जुन्या, प्रतिष्ठित मठात जावं असं त्यांना वाटे. चांगल्या घरची मुलगी मठात गेली तर नाव होतं. ती मोलकरणींमध्ये राहायला गेली तर लोक काय म्हणतील? तिने दोन्ही नाकारलं. त्यासाठी काही काळ तिला कास्कान्तेला परत येऊन राहावं लागलं. शेवटी वडिलांनी होकार दिला. मला या चरित्रातला हा भाग सगळ्यांत अवघड वाटतो, कारण इथे समोर शत्रू कोणीच नाही. आहेत ती फक्त प्रेम करणारी माणसं.

1868 मध्ये स्पेनमध्ये क्रांती झाली, राणी इसाबेल देशाबाहेर गेली, नव्या सरकारने कितीतरी मठ बंद केले. नवी धर्मसंस्था काढायला याहून वाईट काळ शोधून सापडला नसता. तरी 11 जून 1876 रोजी मोजक्या सोबतिणींसह विसेंता यांनी ननचा वेष घेतला आणि मेरी इमॅक्युलेटच्या भगिनींची संस्था उभी राहिली.

काम कसं चालायचं ते मला फार आवडतं. गावाहून आलेल्या मुलीला आधी ठेवून घ्यायचं. लिहिणं-वाचणं, हिशेब, शिवण, इस्त्री, स्वयंपाक शिकवायचा. मग बरं घर बघून तिथे कामाला लावायचं. आणि काम सुटलं, आजार आला, तर तिने परत यायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला बेंच म्हणतात: एक प्रोजेक्ट संपला, दुसरा मिळाला नाही, तरी माणूस रस्त्यावर येत नाही. मोलकरणींसाठी बेंच ठेवणारी ही बाई. झारागोझा, सेव्हिल, बार्सिलोना इथे शाखा निघाल्या.

एक खटकतंही. मुलगी चांगली मोलकरीण कशी होईल आणि तिचं शील कसं जपलं जाईल, याकडे त्यांचं सगळं लक्ष. मोलकरणीने माळ्यावरच का झोपायचं, तिला पगार एवढाच का, हा प्रश्न त्या व्यवस्थेला विचारलेला दिसत नाही. आपल्याकडे घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायलाही 2008 उजाडलं, हे मात्र त्यांना नावं ठेवताना विसरता येत नाही.

1890 च्या जुलैमध्ये त्यांनी अखेरची व्रतं घेतली. प्रकृती आधीच ढासळली होती. 26 डिसेंबर 1890 रोजी माद्रिदमध्ये त्या गेल्या. वय 43, आपल्या बॅचच्या आजच्या वयापेक्षा कमी. पुण्यात अडलेल्या विधवांसाठी घर उघडणारे जोतीराव फुले त्याआधी महिन्याभरापूर्वीच, 28 नोव्हेंबरला गेले होते. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. 25 मे 1975 रोजी पोप पॉल सहावे यांनी विसेंता यांना संत म्हणून जाहीर केलं. तोवर त्यांच्या संस्थेच्या घरांतून ऑफिसात जाणाऱ्या आणि शिकणाऱ्या मुलीही राहू लागल्या होत्या. भारतातही ही संस्था आली.

माझी पहिली कंपनी आठव्या महिन्यात बंद पडली. 2001 साल होतं, नवीन नोकरी मिळेना. घरी कळवलं नव्हतं, कारण बाबांनी लगेच परत बोलावलं असतं. हॉस्टेलचं भाडं थकलं, म्हणून मी बॅग भरून वॉर्डन सिस्टरांकडे किल्ली द्यायला गेले. त्यांनी किल्ली घेतली नाही, फक्त रात्री जेवायला खाली ये म्हणाल्या. पुढची नोकरी लागायला अकरा आठवडे गेले. भाडं मी नंतर तीन हप्त्यांत फेडलं.