पडद्याआडून उघडलेली शाळा : बेगम रुकैया

बेगम रुकैया सखावत हुसेन यांचा जन्म 1880 साली, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरजवळच्या पायराबंद गावी, जमीनदार घराण्यात झाला. पाचव्या वर्षापासून त्यांना परक्या स्त्रियांसमोरही पडदा पाळावा लागे. घर निजल्यावर थोरल्या भावाने मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकविले.

पती सखावत हुसेन यांनी मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये ठेवले होते. 1909 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रुकैयांनी भागलपूर येथे पाच मुलींची शाळा काढली आणि 1911 मध्ये ती कलकत्त्यात आठ मुलींनिशी पुन्हा उभी केली. मुलींना आणणारी गाडी इतकी बंदिस्त होती, की आत त्या बेशुद्ध पडत. हवेसाठी नुसते पडदे लावले, तर वाऱ्याने ते उडतात म्हणून धमकीची पत्रे आली.

रुकैया स्वतः बुरखा वापरीत. बुरखा घालून स्त्री घराबाहेर पडू शकते. तिला घरात कोंडणारा अवरोध हाच खरा शत्रू, अशी त्यांची भूमिका होती. 1931 च्या ‘अवरोधवासिनी’त त्यांनी या कोंडमाऱ्याचे 47 प्रसंग नोंदविले. 9 डिसेंबर 1932 रोजी त्यांचे निधन झाले. शाळा मात्र टिकली.

डॉ. बाबासाहेबांनीही पाकिस्तानविषयक ग्रंथात पडदाप्रथेने स्त्रियांच्या शरीर-मनाची होणारी हानी परखडपणे मांडली. त्या विचाराचे पाईक म्हणून बुरख्याचा वाद पेटतो तेव्हा आम्ही प्रथम एवढेच विचारतो : ती मुलगी वर्गात पोहोचली काय?