पोटातली महारोहिणी दाखवणारे डॉ. रेनाल्दो दोस सांतोस



आपल्या शाळेत काही वर्षांपूर्वी घंटा देणारे एक मामा होते. ते जेवायला घाबरत. डबा उघडायचे, दोन घास खायचे आणि झाकण लावायचे. जेवल्यावर अर्ध्या तासात पोटात कळ येते, असे सांगायचे. आम्ही त्यांना ताक आणि ओवा घ्यायला सांगितले, हे कबूल केले पाहिजे. आम्लपित्त असेल असे सगळ्यांनाच वाटले. सहा महिन्यांत मामांचे कपडे अंगावर लोंबू लागले. अखेर सीटी स्कॅन झाले तेव्हा कळले की आतड्यांना रक्त पुरवणारी वाहिनीच चिंचोळी झाली होती. अन्न पोटात गेले की आतड्यांना जास्त रक्त लागते. ते मिळत नव्हते, म्हणून कळ. जांघेतून बारीक नळी नेऊन ती वाहिनी रुंद केली आणि मामा पोटभर जेवू लागले.

पोट न फाडता आतल्या रक्तवाहिन्या डोळ्यांना दिसू शकतात, हे ज्यांनी प्रथम करून दाखवले त्या शल्यचिकित्सकाचा परिचय आज करून देत आहोत. ते पोर्तुगीज होते. आपल्या पेडणे आणि डिचोली महालांवर तेव्हा त्यांच्याच देशाची सत्ता होती. त्या अमदानीविषयी आपल्या घराघरांत कडू आठवणी आहेत आणि त्या खऱ्याच आहेत. विद्येचा हिशेब मात्र आम्ही वेगळा ठेवतो.

रेनाल्दो दोस सांतोस यांचा जन्म १८८० साली लिस्बनजवळच्या एका नदीकाठच्या गावी झाला. वडीलही वैद्यकीय व्यवसायात होते. १९०३ साली पदवी घेऊन ते पॅरिस आणि अमेरिकेतली रुग्णालये पाहून आले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या.

हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी कण्याला लागून पोटात उतरते. आमचे शिक्षण हिंदीतून झाल्यामुळे तोंडात महाधमनी हा शब्द बसला आहे. मराठीत तिला महारोहिणी म्हणतात. यकृत, जठर, आतडी, मूत्रपिंडे या सर्वांना तिच्या शाखा रक्त देतात आणि बेंबीच्या आसपास ती दोन्ही पायांसाठी दुभंगते. ती फुगली किंवा तिच्या शाखा तुंबल्या, तर त्या काळच्या डॉक्टरांपाशी हाताने पोट चाचपण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी १८१७ साली एका रुग्णाची महारोहिणी दोऱ्याने बांधून पाहिली होती. तो दोन दिवसही जगला नाही.

१९२७ साली लिस्बनच्याच एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून क्ष-किरणांनी त्यांचे चित्र घेतले. (मोनिझांना १९४९ साली नोबेल मिळाले ते यासाठी नव्हे, तर मेंदूच्या एका शस्त्रक्रियेसाठी, जी पुढे वैद्यकाने टाकून दिली. पारितोषिकांचे असे असते.) दोस सांतोस यांनी तोच विचार पोटाकडे वळवला. १९२९ साली त्यांनी लामास आणि परेरा काल्दास या सहकाऱ्यांसह रुग्णाला पालथे निजवून, भूल देऊन, पाठीच्या डाव्या बाजूने कण्याशेजारून लांब सुई थेट महारोहिणीत घातली. आयोडीनयुक्त द्रव सोडला आणि त्याच क्षणी क्ष-किरण चित्र घेतले. काळ्यापांढऱ्या काचेवर शाखांसकट एक झाड उमटले! कुठली फांदी मध्येच तुटली आहे, हे आता शस्त्रक्रियेआधीच कळणार होते. धोका होताच. द्रव दाहक होता, आणि महारोहिणीत सुई खुपसायची म्हणून बाहेरचे कित्येक डॉक्टर अनेक वर्षे बिचकत राहिले.

पाहिले, पण बरे कसे करायचे? ते काम त्यांच्या मुलाने पुढे नेले. जुआंव सिद दोस सांतोस यांनी १९४६ साली मांडीतील तुंबलेली रोहिणी उघडून आतला जाड थर सोलून काढला. पुढच्या दशकात हीच युक्ती महारोहिणी, मूत्रपिंड आणि आतड्यांच्या वाहिन्यांसाठी वापरली गेली. आज पाठीत सुई घालावी लागत नाही. हाताच्या शिरेत औषध देऊन सीटी स्कॅन होते, आणि महारोहिणीचा फुगवटा साध्या सोनोग्राफीतही दिसतो. तिची पोटातली रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. तीन किंवा अधिक झाली तर डॉक्टर लक्ष ठेवतात, साडेपाचच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करतात. फुगवटा फुटेपर्यंत बहुधा दुखत नाही. ज्यांच्या घरी पासष्टीपुढचे, विडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले आजोबा आहेत, त्यांनी डॉक्टरांना या सोनोग्राफीविषयी जरूर विचारावे.

दोस सांतोस १९७० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. शल्यचिकित्सेइतकाच त्यांना जुन्या वास्तूंचा आणि चित्रांचा नाद होता. लिस्बनच्या बेलें बुरुजावर त्यांनी १९२२ साली ग्रंथ लिहिला. त्या बुरुजाच्या भिंतीवर दगडात कोरलेला एक गेंडा आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला होता, त्याचीच ही आठवण मानतात. बुरुजाचे छायाचित्र आम्ही वाचनालयाच्या फलकावर लावले आहे. गेंडा शोधायला जरा वेळ लागतो, कारण पाच शतकांच्या ऊनपावसाने त्याचे तोंड झिजले आहे.